वहाणेचं चामडं आणि हनुवटी

वस्तऱ्याला धार लावतो दगड, पण भाव खाऊन जातो पट्टा. जुना कुठलाही सिनेमा आठवा. न्हावी मान खाली घालून दगडावर वस्तरा घासत बसलाय, असं दृश्य कुणी दाखवत नाही. दाखवतात ते हे: खुर्चीच्या कडेला अडकवलेला चामड्याचा पट्टा डाव्या हातानं ताणून धरलाय, उजव्या हातातला वस्तरा त्यावर सटक-फटक खालीवर होतोय, आणि खुर्चीतल्या माणसाचा फेस जास्त पांढरा की चेहरा, हे सांगणं अवघड झालंय.

माझ्या घरात वस्तरा आला तो भाच्यामुळे. तो जर्मनीत नोकरीला असतो. सुट्टीला येताना त्यानं झोलिंगेनचा वस्तरा आणला. झोलिंगेन हे चाकू-सुऱ्या आणि वस्तऱ्यांचं गाव. पात्यावर ‘झोलिंगेन’ हे नाव कुणी घालायचं आणि कुणी नाही, याचा तिथे 1938 पासून कायदाच आहे. आपल्याकडे अमुक पेढेवाल्याचं नाव अख्ख्या बसस्टँडवर दर दुसऱ्या दुकानावर लागतं, त्यापुढे हे म्हणजे फारच झालं. वस्तरा सुंदर होता. मूठ काळी, पातं असं की त्यात स्वतःचं नाक बघून घ्यावं. पण पट्टा नव्हता.

“मामा, बॅगेचं वजन वाढत होतं,” भाचा म्हणाला. “आणि चामड्याची काय कमी आहे इथे? कोल्हापूर आहे की!”

परदेशात राहणाऱ्यांना इथल्या गोष्टी फार सोप्या वाटतात.

आधी पट्टा नेमकं काय करतो ते सांगायला हवं, कारण त्याचा चामड्याच्या निवडीशी थेट संबंध आहे. पट्टा धार लावत नाही, लागलेली धार राखतो. दगडावर पोलाद झिजतं आणि कड तयार होते. ही कड इतकी बारीक असते की एका दाढीतच ती जागोजागी किंचित वाकते, मळते. ती पुन्हा सरळ करायची, पुसायची, चकचकीत करायची, एवढंच पट्ट्याचं काम. म्हणजे दगड हा शाळामास्तर आणि पट्टा ही घरची शिकवणी.

आता पोलादाची कड दाढीच्या केसानं बिघडतेच कशी, हा प्रश्न तुम्हाला पडला नसेल. मला पडला नव्हता. पण एमआयटीतल्या संशोधकांना पडला. केस पोलादापेक्षा पन्नासेक पटींनी मऊ, आणि तरीही रोजच्या झटापटीत हार पोलादाची! त्यांच्यातले जानलुका रोशोली हे तेव्हा तिथे विद्यार्थी होते. त्यांनी काय करावं? रोज स्वतःची दाढी करायची आणि पातं प्रयोगशाळेत नेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. संशोधनापायी दाढी वाढवलेले मी पुष्कळ पाहिलेत. संशोधनासाठी ती नेमानं करणारा हा पहिलाच. 2020 साली त्यांचा निष्कर्ष ‘सायन्स’मध्ये छापून आला. पातं नुसतं झिजत नाही. केस वाकून एका विशिष्ट कोनात टेकला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची घडण सारखी नसली, की कडेचा बारीकसा कपचा उडतो. त्यांची पाती वापरून फेकून द्यायच्या जातीची होती. झोलिंगेनचा वस्तरा फेकायचा नसतो, म्हणून त्याला दगडही लागतो आणि पट्टाही.

पट्ट्यावर वस्तरा फिरवायची रीत दगडाच्या बरोबर उलटी. दगडावर धार पुढे चालते. पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे. टोकाशी पोचल्यावर वस्तरा पाठीवरच कूस बदलतो आणि परत निघतो. हे वळण चुकलं की वस्तरा आपलं मूळ काम करतो, म्हणजे कापतो. म्हणून नवशिक्याच्या पट्ट्यावर दोन्ही टोकांना चंद्रकोरी कोरलेल्या दिसतात. सरावलेला हात बघायचा असेल तर पट्ट्याची टोकं बघावीत.

आपल्याकडच्या न्हाव्याची धोकटी आठवून पाहा. वस्तरा, कात्री, नराणी, आरसा, पाण्याची वाटी, धारेचा दगड. पट्टा कधी असे, कधी नसे. नसला की डावा तळहात पुढे यायचा. झाडाखाली बसलेला न्हावी वस्तरा तळहातावर उलटासुलटा फिरवतोय हे दृश्य पाहिलेली माणसं अजून आहेत, आणि त्यांच्या अंगावर तेव्हा आलेला काटाही अजून आहे. पण त्यात शास्त्र आहे. तळहातावर केस नसतात, तेलाच्या ग्रंथी नसतात, कातडी जाड आणि घट्ट. थोडक्यात, उत्तम कमावलेलं चामडं. फुकट, नेहमी बरोबर असणारं, आणि चुकलो तर ताबडतोब कळवणारं.

संत सेना महाराजांचा एक अभंग प्रसिद्ध आहे, त्यात त्यांनी आपल्या धंद्याचंच रूपक केलंय. आरसा आहे, चिमटा आहे, डोई भिजवायचं पाणी आहे, शेंडी आहे, नखंसुद्धा आहेत. पट्टा नाही. माझा आपला तर्क असा की महाराजांचं तळहातावर भागत असावं. आणि पट्टा असता तर तो आणायला जावं लागलं असतं रोहिदासांकडेच. उत्तरेकडची परंपरा दोघांनाही रामानंदांचे शिष्य मानते. दोघांचीही वाणी गुरू ग्रंथ साहिबात आहे. एकाचा धंदा डोक्याशी, दुसऱ्याचा पायाशी. या दोन धंद्यांची व्यवहारात गाठ पडावी अशी जागा मला तरी हा पट्टाच दिसते.

सलूनमधून पट्टा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. किंग जिलेट यांना बदलत्या पात्याच्या रेझरचं पेटंट 1904 साली मिळालं आणि घरोघरची दाढी सुटी झाली, पण आपल्याकडच्या सलूननी त्यानंतरही वस्तरा सोडला नव्हता. तो सोडवला एड्सच्या भीतीनं. ‘दाढी करताना नवीन ब्लेडचा आग्रह धरा’ असे फलक लागले, आणि न्हावी आपल्यासमोर ब्लेडचा कागद सोडून, ती मधोमध कट्‌कन मोडून, अर्धी वस्तऱ्यासारख्या दांड्यात बसवू लागला. हे योग्यच झालं. पण त्यामुळे आमच्या सलूनवाल्याला मी पट्ट्याबद्दल विचारलं तेव्हा त्यानं आधी माझ्या कमरेकडे पाहिलं.

तर पट्टा घरीच करायचा ठरला. चामडं निवडायचं. इथून खरी गंमत सुरू होते.

चामडं निवडताना माणूस काय करतो? हात फिरवतो, दाबतो, वास घेतो, आणि मऊ लागलं की “वा!” म्हणतो. पाकीट, जाकीट, सोफा, हातमोजे, सगळीकडे मऊपणालाच पैसे पडतात. वस्तऱ्याचं मत याच्या नेमकं विरुद्ध आहे. मऊ, जाड, गुबगुबीत चामड्यावर वस्तरा टेकला की तो किंचित रुततो. पुढे सरकताना दाबलेलं चामडं त्याच्या मागून लगेच वर उसळतं आणि उसळताना धारेलाच वळसा घालतं. अशा पन्नास फेऱ्या झाल्या की कड गोल होते. म्हणजे धार राखायला घेतलेला पट्टा धार खातो, आणि तेही इतक्या प्रेमानं की कळत नाही. घट्ट, सपाट, कमी ताणलं जाणारं, फारसं न दबणारं, हाताला जरासं रुक्षच वाटणारं चामडं वस्तऱ्याला मानवतं. दुकानात ज्याच्याकडे आपण दुसऱ्यांदा बघणार नाही, ते.

मी ठाण्याचा, त्यामुळे पहिली चक्कर धारावीला. धारावीचा आणि चामड्याचा संबंध एकोणिसाव्या शतकापासूनचा. तमिळनाडूतून आलेल्या लोकांनी तिथे कातडी कमावण्याचे कारखाने काढले. गावाच्या नाकाला सोसत नाही तो धंदा गावाबाहेर, हा जुना नियम. तेव्हा धारावी मुंबईबाहेर होती. पुढे मुंबईच धारावीभोवती वाढली आणि कमावण्याचं काम तिथून बहुतेक हललं. आता चामडं चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून तयार होऊन येतं आणि धारावीत त्याच्या बॅगा, पट्टे, पाकिटं होतात. रस्त्यावरच्या दुकानांतल्या वस्तू बघून कुणाचीही छाती दडपेल. दडपली नाही तर दुकानदार दडपतो.

“सर, हे बघा. एक्स्पोर्टचा माल आहे.”

त्यानं समोर टाकलेलं चामडं इतकं मऊ होतं की त्यावर डोकं ठेवून झोपावं. मी म्हटलं, एवढं मऊ नको. त्यानं त्याहून मऊ काढलं. बहुधा ‘एवढं’ हा शब्द त्यानं घासाघीस म्हणून ऐकला असावा. मी पुन्हा म्हटलं, कडक दाखवा. तो थबकला. दुकानाच्या उभ्या आयुष्यात कडक चामडं मागणारं गिऱ्हाईक त्याला भेटलं नसावं. आत जाऊन त्यानं एक ताठ, चकाकता तुकडा आणला. मी तो उलटा केला, तर खाली चक्क विणलेलं कापड. रेक्झिन! हे नावही मुळात इंग्लंडातल्या एका कंपनीच्या नकली चामड्याचं. आपल्याकडे ते रिक्षाच्या सीटपर्यंत पोचलं आणि इथलंच होऊन गेलं.

त्या मऊ चामड्याच्या मऊपणाचं कारण क्रोम. जगातलं बहुतांश चामडं आज क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. कच्चं कातडं म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं. ते तसंच ठेवलं तर ओलं असताना सडतं आणि वाळलं की फळीसारखं कडक होतं. कमावणं म्हणजे या तंतूंना असं काही जखडायचं की ना सडावेत, ना चिकटून बसावेत. क्रोम हे काम दिवसभरात उरकतं. चामडं मऊ, लवचिक, पाण्याला सोशीक होतं, आणि न रंगवलेलं असेल तर निळसर दिसतं. बुटाच्या वरच्या भागाला याच्यासारखं नाही. पण ते ताणलं जातं, आणि दाबलं की उसळतं. आमच्या वस्तऱ्याला उसळणारे लोक नको होते.

दुसरी तऱ्हा सालपाल्याची. बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल यांत टॅनिन असतं. कडक कोऱ्या चहाचा घोट घेतल्यावर जीभ आणि गालाची आतली बाजू आखडल्यासारखी होते, ते टॅनिनचंच काम. लाळेतली प्रथिनं ते धरून ठेवतं. कातड्यातल्या कोलॅजेनलाही ते तसंच धरतं, फक्त सावकाश, आठवडेच्या आठवडे घेऊन. जो हिरडा आजी पोटासाठी उगाळून द्यायची तोच म्हशीच्या कातड्यालाही लागू पडतो, हे कळल्यापासून मला आजीबद्दलचा आदर वाढला आहे आणि पोटाबद्दलची काळजीही.

गावाकडची जुनी रीत तर पाहण्यासारखी होती. चुन्यात ठेवून केस काढलेलं कातडं शिवून त्याची मोठी पिशवी करायची. तिच्यात बाभळीच्या सालीचं आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि ती लाकडी घोडीला टांगायची. पाणी कातड्यातून झिरपून खालच्या भांड्यात गळतं. ते उचलून पुन्हा वरून ओतायचं. दुसऱ्या दिवशी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे वरचा भाग कोरडा राहत नाही. कातडं हीच पिशवी, आणि पिशवीच्या आत जे आहे ते पिशवीसाठीच. ढोर समाजानं ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. गावानं मोटेपासून वहाणेपर्यंत सगळ्याला ते चामडं वापरलं आणि कमावणाऱ्याला मात्र वेशीबाहेर ठेवलं. हा हिशेब आजवर कुणी नीट चुकता केलेला नाही.

असं चामडं ओळखायला फार सायास नको. नखानं दाबलं तर खूण राहते. पाण्याचा थेंब टाकला तर तो पिऊन घेतं आणि तिथे गडद होतं. कापलेली कड बदामी किंवा तांबूस, एकसारखी. आणि वास तुरट, लाकडी, ओल्या सालीचा. रंगाच्या किंवा प्लॅस्टिकच्या वासाचं चामडं हातातही धरू नये. वरून गुळगुळीत, चकचकीत थर दिलेला असला तर तो वस्तऱ्याला नुसता घसरू देतो. थोडी ओढ लागायला हवी. वस्तरा चालताना चामड्यानं त्याला किंचित अडवलं पाहिजे. ही ओढ किती असावी यावर जगभरच्या हौशी लोकांत आपल्याकडच्या मिसळीइतकेच पंथ आहेत आणि कुणी कुणाचं ऐकत नाही.

शिवाय अख्खं कातडं एकसारखं नसतं. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचा, ढुंगणाकडचा भाग सर्वांत घट्ट आणि सपाट. मानेला सुरकुत्या. पोटाचा भाग सैल आणि ताणला जाणारा. जनावर चरून आलं की पोट फुगणार, उपाशी राहिलं की खपाटीला जाणार, तिथलं कातडं घट्ट राहील कसं? माणसाचंही वेगळं नाही. पट्टा कापायचा तो कण्याला समांतर, म्हणजे ओढला तरी लांबत नाही. शिंगाचा ओरखडा, गोचिडीच्या खुणा, डाग दिल्याची जागा असं काही वस्तऱ्याच्या वाटेत नको. पाकिटावर असे व्रण शोभतात म्हणे, पण पट्ट्यावर ते खड्डे ठरतात, आणि खड्ड्यांचा अनुभव घ्यायला आपल्याला रस्ते आहेत.

श्रीमंतांची निवड म्हणाल तर घोडा. घोड्याच्या पुठ्ठ्यात कातड्याखाली एक दाट थर असतो, त्याला कॉर्डोव्हन म्हणतात. शिकागोच्या हॉरवीन या 1905 पासूनच्या कारखान्यात ते तयार व्हायला सहाएक महिने लागतात. कॉर्डोव्हनचा पट्टा वस्तऱ्याच्या जगात राजा मानतात. त्याची किंमत मी पाहिली आणि घोड्याचा विचार लग्नाच्या वरातीपुरता ठेवला. आपल्याकडे जाड चामडं म्हणजे मुख्यतः म्हशीचं. 2015 पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीच्या चामड्याचा कण जरा भरड, पण घट्टपणात ते कुणाला हार जाणारं नाही.

पट्टा बनवण्यात मात्र सांगण्यासारखं थोडंच आहे. पात्याची लांबी साधारण तीन इंच, म्हणून तीन इंच रुंदी बरी. अडीच असली तरी चालतं, फक्त वस्तरा जरा तिरका ओढावा लागतो. लांबी दीड-दोन फूट, जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास. गुळगुळीत, म्हणजे एकेकाळी केस होते ती बाजू वर. एका टोकाला अडकवायची कडी, दुसऱ्याला धरायला मूठ. टांगलेला पट्टा सैल धरला की मधे झोळ पडतो आणि पुन्हा तेच, धार गोल. ज्याला मनगटाचा भरवसा नाही त्यानं चामडं सपाट फळीला चिकटवावं. मी फळीचा मार्ग घेतला नाही, कारण सिनेमात फळी नसते. मग बारीक पॉलिश पेपरनं चामड्याची लव मारायची, दाढीच्या साबणाचा फेस त्यावर चोळून जिरवायचा आणि वाळू द्यायचं. तेल अगदी थेंबभर. जास्त तेल पाजलं की चामडं सुस्तावतं.

घरी या सगळ्याचं स्वागत कसं झालं ते सांगतो. चामडं आमच्या घरात उंबऱ्याबाहेर थांबणारी वस्तू. चपला बाहेर, बूट बाहेर. कंबरपट्टा आत येतो, पण देवघरापाशी तोही बिचकतो. अशा घरात न्हाणीघराच्या खुंटीला दोन फूट म्हशीचं चामडं टांगायचा प्रस्ताव मी मांडला.

“अहो, लोक बाथरूमला गेले की काय समजतील?” सौ. म्हणाली.

“काय समजतील?”

“घरात हंटर टांगलाय म्हणून! आणि मारणारं कोण, असं कुणी विचारलं तर मी काय सांगू?”

पाश्चात्त्य घरांत वस्तऱ्याचा हा पट्टा खरोखरच पोरांना बडवायला वापरत. ही माहिती मी त्या क्षणी दिली नाही. माहिती कधी द्यावी याचं तारतम्य हे संसारातलं मोठं ज्ञान आहे. शेवटी खुंटी दाराच्या मागे हलवली आणि तह झाला. तहाचं दुसरं कलम असं की स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांनाही हा पट्टा लागू राहील. विळीला धार लावून मिळणार नाही, हे मी स्पष्ट केलं आहे.

चामडं कुठे मिळालं ते सांगायचं राहिलं. मिळालं भाच्यानं सांगितलं होतं तिथेच. कोल्हापूर सौ.चं माहेर. तिकडच्या एका लग्नाला गेलो असताना, अक्षता आणि जेवण यांच्यामधल्या मोकळ्या वेळात, मी हळूच सटकलो. चप्पल लाइनमधली दुकानं पाहून झाली. तिथे तयार जोड मिळतात, चामडं नाही. विचारत विचारत एका कारागिराच्या घरापाशी पोचलो. पुढच्या पडवीत बसून ते काम करत होते. समोर लाकडाचा ठोकळा, शेजारी पाण्याचं भांडं, त्यात भिजत घातलेलं चामडं. वयानं माझ्याहून मोठे.

कोल्हापुरी चपलेचा तळ म्हणजे सालीनं कमावलेलं म्हशीचं चामडं. 2019 साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्या ओळखीत सालीनं कमावलेल्या चामड्याचा मोठा वाटा आहे. एकावर एक थर ठेवून ते चामड्याच्याच वादीनं शिवतात, खिळा नाही. चप्पल बनवणाऱ्याला तळासाठी काय हवं असतं? घट्ट, न ताणलं जाणारं, दाबलं तरी न उसळणारं, सपाट. म्हणजे वस्तऱ्याची यादी जशीच्या तशी! ‘पायातली वहाण पायातच बरी’ असं आपण शतकानुशतकं म्हणत आलो, आणि हनुवटीला साजेसं चामडं तेवढं तळपायाखालचंच निघालं. बाजारात भावाची रीतही बोलकी आहे. वरचं मऊ चामडं चौरस फुटावर विकतात आणि तळाचं किलोवर, वजन करून, कांद्यासारखं.

“काय पायजे?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“तळाचं चामडं. दोन फूट लांब, तीन इंच रुंद.”

“येवढा लांब पाय कुनाचा हाय?”

मी वस्तऱ्याची हकिकत सांगितली. त्यांनी हातातलं काम थांबवलं आणि माझ्या गालाकडे पाहिलं. गालावर परवाचा एक व्रण होता.

“आता कोन वस्तरा वापरतंय? पाच रुपयाला दाढीचं मिळतंय की दुकानात.”

“हौस आहे.”

“हौस असंल तर मग बोलायचं काय?” ते उठले. आतून गुंडाळी आणली, पडवीत पसरली. त्यांनी हात फिरवला नाही. अंगठ्यानं एका जागी दाबलं, कड वाकवून पाहिली, पोटाकडचा भाग दुमडून बाजूला सारला. “ह्यातलं न्हाई. ह्ये पाठीतलं घ्या.” मग मोजायची पट्टी न घेता रापी चालवली. रापी चामड्यातून अशी गेली की आवाजसुद्धा झाला नाही. पुढे घरी जाऊन मोजलं तेव्हा रुंदी तीन इंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

कापायच्या आधी त्यांनी एक गोष्ट केली होती, ती मला उशिरा लक्षात आली. मांडीखालून चामड्याचा एक जुना तुकडा काढला, ठोकळ्यावर टाकला आणि रापी त्यावर उलटीसुलटी फिरवली. पाठ पुढे, धार मागे. तुकडा तळहाताएवढा, काळाभोर, वर्षानुवर्षांच्या घासण्यानं काचेसारखा झालेला. तरीही रापीला ओढ होती. हात किंचित अडत होता. जगभरचे हौशी ज्यावर भांडतात ती नेमकी ओढ.

मी नवीन चामड्याचे पैसे काढता काढता म्हटलं, “मामा, तो जुना तुकडा देता का? त्याचे वेगळे पैसे देतो. सांगाल तेवढे.”

त्यांनी तुकडा उचलला, परत मांडीखाली सारला आणि त्यावर नीट बसले.

“त्यो इकायचा न्हाई,” ते म्हणाले. “त्यो दिल्यावर रापी कशावर लावू मी? तुमच्या गालावर?”